कुलकर्णी, प्रतिनिधी, पंत : औंध संस्थान आणि त्याच्या घराण्याचे नाव

औंध संस्थानाचा इतिहास सांगताना सनदा, तह, वंशावळ आणि १९३९ चा स्वराज्याचा प्रयोग यांची क्रमवार मांडणी करण्याची रीत आहे आणि ती योग्यही आहे. परंतु संस्थानाच्या घडणीची एक नोंद घराण्याच्या नावातही उमटलेली आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कोरेगाव तालुक्यातील किन्हईचे कुलकर्णी, सातारच्या छत्रपतींचे प्रतिनिधी, औंधचे पंतप्रतिनिधी आणि स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेतील पंत, ही सुमारे तीन शतकांच्या अवधीत एकाच घराण्याला लाभलेली चार नावे आहेत. अद्भुत राज्यांच्या कथा रचणारे लेखक आपल्या कल्पित घराण्यांची नावे पिढ्यांगणिक बदलत नेतात, तेव्हा त्या बदलाचे कारण त्यांना स्वतःच योजावे लागते. कृष्णा आणि येरळेच्या खोऱ्यात मात्र नाव बदलले असेल तर त्यामागे बहुधा एखादा हक्क, हुद्दा, स्थलांतर किंवा सरकारी नोंद उभी असते आणि तिचा माग काढता येतो. आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या या संस्थानाच्या मुलखात अशा नावांची उदाहरणे एकमेकांना लागून सापडतात, म्हणून संस्थानाचा इतिहास येथे त्या अंगाने मांडला आहे.

घराण्याचे पहिले ज्ञात नाव कुलकर्णी हे आहे. कुलकर्णी म्हणजे गावच्या जमिनीचा आणि साऱ्याचा हिशेब ठेवणारा वंशपरंपरागत अधिकारी. पाटील हा गावचा मुख्य, चौगुला त्याचा मदतनीस आणि कुलकर्णी हा लेखणीचा धनी, असा गावगाड्याचा क्रम होता. या तिघांचेही हक्क वतनाच्या स्वरूपाचे होते. वतन म्हणजे गावाची किंवा सरकारची ठरावीक सेवा करण्याच्या बदल्यात मिळालेली जमीन, उत्पन्न आणि मानपान, जे बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई आणि प्रसंगी विकलेही जाई. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण वतनाबरोबर त्याचे नावही हात बदलू शकत होते. एखाद्या कुळाने शेजारच्या गावच्या पाटीलकीचा हिस्सा विकत घेतला, तर दोन पिढ्यांत ते कुळ तेथे पाटील म्हणून ओळखले जाई आणि मूळचे कुळनाव लग्नसंबंध जुळवताना व देवकार्यातच उच्चारले जाई.

त्या काळच्या मोडी कागदांत आजच्या अर्थाचे आडनाव क्वचितच आढळते. एखाद्या तंट्याचा निवाडा लिहिताना माणसाचे नाव, मग वडिलांचे नाव, मग हुद्दा आणि शेवटी मौजे व परगणा, अशी ओळख दिली जाई. कुणबी, माळी, धनगर अशा समाजांतील माणसांच्या बाबतीत नाव व पितृनाम यांच्यामध्ये ‘बिन’ हा अरबीतून आलेला, पुत्रत्व दाखवणारा शब्द येई. ब्राह्मणांची नावे या शब्दाशिवाय लागोपाठ लिहिली जात. किन्हईच्या त्रिंबक कृष्ण कुलकर्णी यांचा मुलगा म्हणूनच इतिहासात परशुराम त्रिंबक या दुहेरी नावाने वावरतो. पहिला बाजीराव आपल्या शिक्क्यात आणि पत्रव्यवहारात बाजीराव बल्लाळ प्रधान आहे; त्यात पितृनाम आहे, हुद्दा आहे, पण श्रीवर्धनच्या भट घराण्याचे आडनाव नाही. ज्याला आज आपण माणसाच्या ओळखीचा कायमचा भाग समजतो, ते त्या समाजात गरजेनुसार जोडण्याचे विशेषण होते.

परशुराम त्रिंबक यांचा उदय रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली झाला. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा महाराष्ट्रात मागे राहून मोगलांशी झुंज चालू ठेवणाऱ्या मंडळींत अमात्य, शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्रिंबक हे प्रमुख होते. प्रतिनिधी हे पद जिंजीतच निर्माण झाले. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी ठरलेल्या अष्टप्रधानांत ते नव्हते. राजा स्वतःच्या मुलखापासून दूर असताना त्याच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी असा त्याचा अर्थ होता आणि म्हणून त्याचा मान आठही प्रधानांच्या वर धरला गेला. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी हे होते. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे पद परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले.

येथवर पद हे पदच होते, आणि ते जाऊही शकत होते. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून परतले, तेव्हा परशुरामपंत ताराबाईंच्या पक्षात राहिले. साताऱ्याचा किल्ला शाहूंच्या हाती पडल्यावर ते कैद झाले आणि प्रतिनिधीपद प्रल्हाद निराजींच्या मुलाकडे, गदाधर प्रल्हाद यांच्याकडे गेले. पुढे पद परत मिळाले, पुन्हा गेले आणि १७१३ च्या सुमारास अखेर परशुरामपंतांच्या घरात स्थिरावले. ही काही वर्षांची ये-जा संस्थानाच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक घटना मानली पाहिजे. प्रतिनिधीपद प्रल्हाद निराजींच्या वंशात टिकले असते, तर किन्हईचे घराणे कुलकर्णीच राहिले असते आणि औंध हे खटाव तालुक्यातील यमाईच्या डोंगराखालचे एक देवस्थानाचे गाव राहिले असते.

१७१८ मध्ये परशुरामपंत वारले आणि त्यांचे पुत्र श्रीनिवास ऊर्फ श्रीपतराव यांना पद मिळाले. शाहूंच्या दरबारात पेशव्यांच्या उत्तरेकडील विस्ताराच्या धोरणाला विरोध करणारा प्रमुख आवाज श्रीपतरावांचा होता, आणि १७४६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर या घराण्याचे दरबारातील वजन उतरणीला लागले. परंतु नावाच्या दृष्टीने पाहिले तर उलट घडत होते. पदाची सत्ता जसजशी कमी होत गेली, तसतसे पदाचे नाव घराण्याला अधिक घट्ट चिकटत गेले. पदाला जोडलेली सरंजामी गावे, म्हणजे सेवेच्या व फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख, वारसाहक्काने चालू राहिली आणि त्या गावांवरचा दावा ज्या नावाने सांगायचा ते नाव प्रतिनिधी हे होते. घराण्याची वडील शाखा परशुरामपंतांचे पुत्र कृष्णाजी यांच्यापासून कोल्हापूरच्या छत्रपतींकडे राहिली आणि विशाळगडचे प्रतिनिधी म्हणून ओळखली गेली. सातारा आणि कोल्हापूर अशी राज्याची दोन गाद्यांत विभागणी झाली आणि दोन्हीकडे एकाच घराण्याचे प्रतिनिधी झाले. राजाच्या वतीने कारभार करणे हे काम मागे पडून वंशाची खूण तेवढी उरल्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

एका नावाच्या आश्रयाने दुसरे नाव कसे तयार होते, हेही याच घराण्याच्या कारभारात दिसते. मोठ्या अधिकाऱ्याच्या वतीने त्याचा शिक्का चालवणाऱ्या दुय्यमास मुतालिक म्हणत. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी १७५० च्या आगेमागे पेशव्यांविरुद्धच्या राजकारणात मोठा भाग घेतला. राजाचा प्रतिनिधी आणि त्या प्रतिनिधीचा मुतालिक, अशी ही अधिकाराची उतरंड होती. आज मुतालिक हे आडनाव दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात सर्वत्र आढळते. पेशवे, सचिव, अमात्य, फडणीस, चिटणीस, पोतनीस ही सारी याच जातीची नावे होत. भोरच्या सचिवांचे मूळ आडनाव गांडेकर होते, हे आता वंशावळ उघडल्याशिवाय कोणास आठवत नाही.

मात्र नावाचा बदल नेहमी हुद्द्यातूनच होत असे, असेही नाही. प्रतिनिधींच्या मुलखाच्या दक्षिणेला इचलकरंजीचे घोरपडे नांदत होते. हे घराणे मूळचे कोकणातील जोशी; नारो महादेव यांना सेनापती संताजी घोरपडे यांनी वाढवले, पुढे आणले, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी धन्याचेच आडनाव धारण केले. ब्राह्मण कुळाने मराठा सरदाराचे नाव कृतज्ञतेने घ्यावे, ही गोष्ट आडनावाला केवळ जातीची पाटी समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. याच इचलकरंजीकरांच्या आश्रयाला कोकणातील कोतवड्याचे हरभट पटवर्धन आले. त्यांच्या वंशजांपैकी चिंतामणराव यांनी मिरजेतून वेगळे होऊन १८०१ मध्ये सांगलीला आपले ठाणे केले. पटवर्धनांनी सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड अशी संस्थाने उभी केली, तरी आडनाव बदलले नाही. शाखा ओळखण्यासाठी नावामागे फक्त गाव जोडले गेले.

घराण्याला मिळणारी सर्वच नावे वारसाने उतरत नाहीत. उत्तर पेशवाईतील प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास हे पेशव्यांविरुद्धच्या बंडाळीत बापू गोखल्यांच्या फौजेशी लढताना हाताला जबर जखम होऊन थोटे झाले आणि लोक त्यांना थोटेपंत म्हणू लागले. हे नाव त्यांच्याबरोबर १८४८ मध्ये संपले. अशा टोपणनावांची आडनावे होऊन बसल्याची उदाहरणे महाराष्ट्रात मुबलक आहेत. येथे तसे घडले नाही, कारण सनदेतले नाव आधीच घरात होते. याच बंडाळीत त्यांच्या बाजूने वासोट्याचा किल्ला काही महिने लढवणारी स्त्री इतिहासाला ताई तेलीण एवढ्याच नावाने ठाऊक आहे. तिच्या पित्याचे नाव, कुळाचे नाव, तिचे स्वतःचे पूर्ण नाव यांपैकी काहीही लोकांच्या स्मरणात राहिलेले नाही. उरली ती जातीची व धंद्याची खूण. किल्ला लढवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला आलेली ही अर्धी ओळख संस्थानाच्या कोणत्याही इतिहासात नमूद व्हावी, इतकी ती अन्यायाची आहे.

१८४८ मध्ये सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले. ज्यांचे प्रतिनिधी ते छत्रपतीच आता गादीवर नव्हते. सातारच्या इतर जहागीरदारांप्रमाणे प्रतिनिधीही थेट इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली आले, आणि याच काळात पंतप्रतिनिधी हे जोडनाव आडनाव म्हणून पक्के झाले. ‘पंत’ हा लेखणीच्या व कारभाराच्या क्षेत्रातील ब्राह्मण पुरुषाच्या नावामागे लागणारा आदरार्थी शब्द. तो हुद्द्याला जोडून पंतप्रधान, पंतसचिव, पंतअमात्य अशी रूपे आधीपासून प्रचारात होती. इंग्रजी अंमलाने जमिनींची मोजणी केली, इनामांची चौकशी केली, वारसांच्या याद्या केल्या, शाळा व कचेऱ्यांत नोंदवह्या सुरू केल्या, आणि प्रत्येक रकान्यात व्यक्तीचे, वडिलांचे व कुळाचे नाव मागितले. त्या दिवशी जे नाव ओठावर होते ते रकान्यात बसले आणि बसलेले नाव पुढच्या पिढीला बदलता येईना. महाराष्ट्रातील बहुसंख्य आडनावांचे वय पुरातन नाही. नावे जुनी असतील, पण त्यांचे अचल होणे एकोणिसाव्या शतकातले आहे.

या बदलाची दोन मोठी उदाहरणे औंधच्या परिसरातच आहेत. औंध ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कटगुण हे जोतीराव फुले यांच्या पूर्वजांचे गाव. घराण्याचे आडनाव गोऱ्हे होते आणि गावात त्यांच्याकडे चौगुल्याचे काम होते. गाव सोडून हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आणि पुढच्या पिढीत पुण्यास गेले. तेथे जोतीरावांचे वडील गोविंदराव आणि चुलते पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवू लागले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. हा बदल फार तर तीन पिढ्यांतला आहे. दुसरे उदाहरण सातारा शहरातले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, सुभेदार रामजी सकपाळ यांच्या मुलाचे नाव दाखल झाले. सकपाळ हे कुळनाव. मंडणगड तालुक्यातील आंबडवे या गावावरून आंबडवेकर हे नाव पुढे आले, आणि कृष्णाजी केशव आंबेडकर या शिक्षकांच्या आडनावावरून त्याचे आंबेडकर झाले, असे चरित्रकार सांगतात. शाळेच्या नोंदवहीत भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. कुळ, गाव आणि शाळा यांनी घडवलेले हे आडनाव आज देशाच्या राज्यघटनेच्या इतिहासाशी जोडलेले आहे, आणि प्रवेशाचा तो दिवस महाराष्ट्र सरकार विद्यार्थी दिन म्हणून पाळते.

औंधच्या गादीवर १९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. त्यांचे राज्य सुमारे पाचशे चौरस मैलांचे, बहात्तर गावांचे आणि औंध, आटपाडी, कुंडल व विजापूरकडील गुणदाळ अशा एकमेकांपासून दूर असलेल्या तुकड्यांचे होते. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रसारक म्हणून त्यांची ख्याती आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठे साहाय्य केले आणि तिच्यासाठी चित्रेही दिली. त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठामागील पानावर त्यांचे नाव श्रीमंत बाळासाहेब पंत प्रतिनिधी असे छापलेले आहे. ते बारकाईने पाहिले तर त्यात बारशाचे नाव भवानराव नाही, वडिलांचे नाव नाही आणि किन्हईचे कुलकर्णीही नाही; एक बहुमानाचा शब्द, एक घरातले हाकेचे नाव आणि एक दोनशे वर्षांपूर्वीचा हुद्दा, एवढ्यावर ती ओळख उभी आहे.

बाळासाहेबांच्या कारकिर्दीत संस्थानाच्या मुलखात नावांची उलटी गतीही दिसली. मालवणजवळच्या किर्लोसी गावावरून किर्लोस्कर हे आडनाव पडलेले कुटुंब पुढे बेळगाव भागात गेले. ‘कर’ लावलेली आडनावे बहुधा अशीच, गाव सुटल्यावर मिळतात. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने हाक मारण्याचे कारण नसते. बेळगावात लोखंडी नांगर तयार करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तेथे कारखाना व वसाहत उभी राहिली. वसाहतीचे नाव किर्लोस्करवाडी पडले आणि पुढे रेल्वे स्टेशनही त्याच नावाचे झाले. गावाने माणसाला नाव दिले होते, माणसाने ते नाव दूर नेऊन दुसऱ्या गावाला दिले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचीही कथा अशीच, ओगले बंधूंच्या काचकारखान्यातून आलेली. या दोन्ही कारखान्यांच्या मालाची विक्री काही काळ भाऊराव पाटील यांनी केली आणि १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांचे घराणे मूळचे मूडबिद्रीकडचे देसाई. वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे आल्यावर ते पाटील झाले. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचे कुळनाव पिसाळ होते. एका जिल्ह्यातील दोन पाटील, आणि त्या एकाच नावाखाली दोन वेगळ्या समाजांची दोन वेगळी कुळे आहेत.

आटपाडीच्या दुष्काळी भागाने मराठी साहित्याला दिलेली नावेही या क्रमात येतात. माडगुळे गावावरून माडगूळकर झालेले ग. दि. आणि व्यंकटेश हे बंधू संस्थानी प्रजाजन होते. त्याच आटपाडीत १९२१ मध्ये शंकरराव खरात जन्मले. त्यांच्या वडिलांकडे तराळकी, म्हणजे महार वतनातील निरोप पोचवण्याचे व गावची पडेल ती सेवा करण्याचे काम होते. कुलकर्णी, पाटील, देशमुख या वतनांची आडनावे लोकांनी मिरवली; तराळकीसुद्धा वतनच होते, पण त्या नावात मान नव्हता, कष्ट आणि अवहेलना होती. खरातांनी ते काम आपल्या आत्मचरित्राच्या ‘तराळ-अंतराळ’ या नावात उघडपणे मांडले आणि ते स्वतः मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वतनदारीच्या इतिहासाचा हा भाग वगळून आडनावांचा इतिहास लिहिला, तर तो फक्त वरच्या ओळीचा इतिहास होईल.

बाळासाहेबांनी १९३८ मध्ये प्रजेच्या हाती सत्ता देण्याचा निर्णय जाहीर केला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीने तयार झालेली घटना १९३९ मध्ये अमलात आली आणि गावपंचायतींवर उभे असलेले राज्य औंधात सुरू झाले. राजाचे प्रतिनिधी म्हणून ज्या घराण्याला नाव मिळाले, त्याच घराण्याने आपली सत्ता प्रजेने निवडलेल्या प्रतिनिधींच्या स्वाधीन केली. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. औंधचा भाग साताऱ्यात राहिला आणि आटपाडी व कुंडल नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले. त्या जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.

बाळासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब या प्रयोगाचे प्रमुख कार्यकर्ते होते. १९४८ मध्ये ते भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले आणि पुढे अनेक देशांत त्यांनी देशाचे वकील म्हणून काम केले. त्या जगात आणि त्यांच्या इंग्रजी ग्रंथांवर त्यांचे नाव अप्पा पंत एवढेच आहे. कुमाऊँमध्येही पंत आडनावाची घराणी असल्यामुळे साताऱ्याबाहेरच्या वाचकाला हे नाव कोणत्या प्रदेशाचे, ते त्यावरून कळत नाही. घराण्याला वेगळेपण देणारा ‘प्रतिनिधी’ हा भाग गळला आणि कारभारी वर्गात सर्वसामान्य असलेला ‘पंत’ हा आदरार्थी शब्द आडनाव म्हणून उरला, तोही अशा माणसाच्या बाबतीत की ज्याने आयुष्यभर खऱ्या अर्थाने आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून काम केले.

परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, महार वतने १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. गावचा हिशेब तलाठ्याकडे गेला, पण कुलकर्णी हे आडनाव राहिले. गावचे प्रमुखपण निवडून आलेल्या सरपंचाकडे गेले, पण पाटील राहिले. नोंदवहीच्या रकान्याने ज्या नावांना एकोणिसाव्या शतकात थांबवले, त्या रकान्यातच आता बदल झाला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्र शासनाने मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम बंधनकारक केला. किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या काळापासून मुलाच्या नावाला लागून येणाऱ्या पित्याच्या नावाची जागा सरकली आहे, आणि औंध, आटपाडी किंवा किर्लोस्करवाडी येथे आज जन्मणाऱ्या पिढीच्या नावावरून तिच्या आईचे नावही पुढच्या इतिहासकाराला कळेल.